आरआयएमसीच्या इंग्रजी पेपरची तयारी: मराठी माध्यमाच्या मुलीने घरी सराव कसा करावा?

माणदेशी

नमस्कार मंडळी. माझी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत आहे, सेमी इंग्रजीला. जूनमध्ये सातवीत जाईल. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची, म्हणजे आरआयएमसीची, डिसेंबरमधली परीक्षा द्यायचं तिने मनावर घेतलंय. मुलींना तिथे प्रवेश मिळतो हे तिला शाळेतल्या सरांकडून कळलं, तेव्हापासून दुसरा विषय नाही. गणिताची काळजी नाही, पाचवीची स्कॉलरशिप तिने मिळवली होती. घोडं अडलंय इंग्रजीपाशी.

व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यातले गाळलेल्या जागा भरा, काळ बदला असले प्रश्न ती भराभर सोडवते आणि उत्तरं बरोबर येतात. पण स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहायला सांगितल्या की सगळं विस्कटतं. काल ‘माझं गाव’ या विषयावर लिहिलेलं इथे देते, इंग्रजीत होतं, वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत उतरवलंय:

‘माय व्हिलेज इज इन माण तालुका. देअर इज नो रेन. पीपल इज वेटिंग फ्रॉम टू इयर्स फॉर कॅनॉल वॉटर. माय ग्रँडफादर टोल्ड मी दॅट आय विल सी द कॅनॉल.’

माणचा एम तिने लहान काढलाय. ब्यूटिफुलचं स्पेलिंग बी-यू-टी-फुल असं करते, म्हणजे ऐकू येतं तसं. आमची पिठाची गिरणी आहे, हे टेम्पो चालवतात. आम्हा दोघांचं इंग्रजी दहावीपुरतं. क्लास लावायचा तर साताऱ्याला जावं लागेल, ते जमणार नाही. घरी रोज तास-दीड तास देऊ शकते. व्याकरण, विरामचिन्हं, स्पेलिंग, शब्दसंपत्ती यातलं आधी काय घ्यावं आणि आम्ही तपासायचं कसं?

फौजी_बाप

ताई, मुलीला आधी शाबासकी सांगा. माझा मुलगा या परीक्षेला बसला होता, म्हणून कागदपत्रांचं तेवढं सांगतो. अर्जाचा नमुना, माहितीपत्रक आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचा संच कॉलेजकडून मागवावा लागतो. भरलेला अर्ज मात्र पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेकडे जातो. परीक्षा वर्षातून दोनदा असते. डिसेंबरची परीक्षा पुढच्या जुलैच्या तुकडीसाठी. प्रवेशाच्या वेळी वय साडेअकराच्या खाली नको आणि तेराच्या वर नको, तेव्हा जन्मतारीख आत्ताच ताडून घ्या.

लेखी परीक्षा ४०० गुणांची. गणित २००, इंग्रजी १२५, सामान्य ज्ञान ७५. वर ५० गुणांची तोंडी. प्रत्येक विषयात निम्मे गुण लागतातच, त्यामुळे गणितात कितीही मिळाले तरी इंग्रजीत कमी पडून चालत नाही. गणित आणि सामान्य ज्ञान हिंदीतून लिहिता येतं. इंग्रजीचा पेपर दोन तासांचा, आणि तो पर्यायांवर खुणा करण्याचा पेपर नव्हे. निबंध, पत्र, उताऱ्यावरचे प्रश्न, सगळं हाताने लिहायचं. जुने पेपर हातात आले की तुमच्या बरंच लक्षात येईल. अभ्यासाचं इथे कोणी शिक्षक असतील ते सांगतील.

निवृत्त_बाई

माणदेशी ताई, तुमच्या लेकीच्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या. मुलीपाशी सांगण्यासारखं आहे. पाऊस नाही, कॅनॉलची वाट बघणारी माणसं, आजोबा. इंग्रजी निबंध म्हणून ‘अवर स्कूल इज व्हेरी बिग’ छापाची पाठ केलेली वाक्यं शेकड्याने तपासली आहेत मी. त्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे. तेव्हा पहिलं सांगणं हे, की निबंध पाठ करायला लावू नका.

माझी सगळी नोकरी ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांत इंग्रजी शिकवण्यात गेली. तुम्ही जे लिहिलंय, की पुस्तकातली उत्तरं बरोबर आणि स्वतःचं लिखाण चूक, ते मी प्रत्येक वर्गात पाहिलंय. कारण साधं आहे. गाळलेली जागा भरताना मुलाला ठाऊक असतं की हा धडा काळाचा आहे, म्हणजे उत्तर काळातच कुठेतरी आहे. स्वतः लिहिताना असं कोणी सांगत नाही. तिथे मन मराठीत चालतं आणि हात इंग्रजीत. म्हणून व्याकरण शिकायचं ते तिच्याच वाक्यांवर. ते जाड पुस्तक टाकून देऊ नका, कपाटात ठेवा, एखादा नियम बघायला लागला तर उघडायचं.

आता तिचंच वाक्य घेऊ. ‘पीपल इज वेटिंग फ्रॉम टू इयर्स.’ मराठीत आपण म्हणतो, लोक दोन वर्षांपासून वाट बघतायत. वर्तमानकाळ आणि ‘पासून’. तिने ते जसंच्या तसं उचललं. इंग्रजीत मात्र जी गोष्ट मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे, तिला साधा चालू वर्तमानकाळ चालत नाही. तिथे ‘हॅव बीन वेटिंग’ लागतं. आणि ‘पासून’साठी दोन शब्द आहेत. दोन वर्षं, तीन तास असा कालावधी असेल तर ‘फॉर’. २०२२, सोमवार, सकाळ असा सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’. पीपल अनेकवचनी, म्हणून ‘आर’ किंवा ‘हॅव’. तर वाक्य झालं, ‘पीपल हॅव बीन वेटिंग फॉर टू इयर्स.’ या एका वाक्यावर तिच्याकडून तिच्या घरातली वाक्यं करून घ्या. गिरणी कधीपासून चालू आहे, वडील किती वर्षं टेम्पो चालवतायत, ती कधीपासून या शाळेत आहे. सगळी खरी माहिती. दोन दिवस फक्त एवढंच करा.

शेवटचं वाक्य तर फारच बोलकं आहे. आजोबा म्हणाले असणार, ‘मी कॅनॉल बघीन.’ मराठीत ‘आजोबा म्हणाले की मी कॅनॉल बघीन’ असं चालतं, ‘मी’ म्हणजे आजोबाच हे ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत तिने लिहिलेल्या वाक्याचा अर्थ होतो, कॅनॉल नात बघेल. म्हातारा माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाणी बघायची आशा बोलून दाखवतोय आणि वाक्यातून ते निघूनच गेलं! ‘माय ग्रँडफादर टोल्ड मी दॅट ही वुड सी द कॅनॉल.’ आय चा ही झाला, विल चा वुड झाला. अप्रत्यक्ष कथनाचे तक्ते पाठ करून जे डोक्यात शिरत नाही, ते या एका वाक्याने शिरेल, कारण आजोबा तिचे आहेत. तिला विचारा, आजोबा अजून काय काय म्हणतात? त्यांची रोजची दोन वाक्यं इंग्रजीत लिहू दे, एकदा अवतरणचिन्हात आणि एकदा ‘दॅट’ लावून. प्रश्न असेल तर आणखी एक बघायचं. ‘तू कुठे चाललीस?’ असं आजोबांनी विचारलं, तर ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग’. इथे ‘वॉज आय’ नाही आणि शेवटी प्रश्नचिन्हही नाही. मुलं दोन्हीकडे हमखास फसतात.

विरामचिन्हांचं म्हणाल तर फार घाबरू नका. मराठीत ती रुळवली मेजर कँडी या इंग्रज कोशकारांनी, एकोणिसाव्या शतकात, इंग्रजीवरूनच. त्यामुळे पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, साधा स्वल्पविराम तिला येतोच. अडचण येते ती मराठीत मुळी नसलेल्या दोन गोष्टींची. एक कॅपिटल अक्षर, दुसरं ॲपॉस्ट्रॉफी. माणचा एम लहान काढला की वाचणाऱ्याला तो ‘मॅन’ दिसतो, म्हणजे गाव पुरुष तालुक्यात जाऊन बसतं. हे तिला सांगा, ती पुन्हा विसरणार नाही. वारांची, महिन्यांची, भाषांची नावं कॅपिटल. ऋतूंची नाहीत. एकटा ‘आय’ कुठेही आला तरी कॅपिटल.

ॲपॉस्ट्रॉफी दोनच ठिकाणी. मालकी दाखवायला आणि गाळलेल्या अक्षराच्या जागी. एका मुलीचं दप्तर असेल तर एस च्या आधी, अनेक मुलींची शाळा असेल तर एस च्या नंतर. ‘इट्स’चा गोंधळ मोठमोठ्यांचा होतो. तिथे युक्ती अशी, की वाक्यात ‘इट इज’ घालून वाचायचं. अर्थ लागला तर ॲपॉस्ट्रॉफी द्या, नाही लागला तर देऊ नका. ‘द डॉग वॅग्ड इट इज टेल’ हे कोणी म्हणणार नाही. आणि साध्या अनेकवचनाला ॲपॉस्ट्रॉफी कधीच नाही. दुकानांच्या पाट्या बघून मुलं ते शिकतात, त्या पाट्यांवर जाऊ देऊ नका.

आणखी एक. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडायची सवय मराठीतून येते. ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो.’ इंग्रजीत मध्ये ‘अँड’ किंवा ‘सो’ हवा, नाहीतर पूर्णविराम द्यायचा.

स्पेलिंगबद्दल. देवनागरीत वाढलेलं मूल उच्चाराप्रमाणे लिहितं यात त्याचा काही दोष नाही, आपली लिपीच बहुतेक तशी आहे. इंग्रजी स्पेलिंगला डोळा आणि हात दोन्ही लागतात. अवघड शब्दाचा एक खोटा उच्चार ठरवून टाकायचा. वेनस्डे लिहिताना मनात ‘वेड-नेस-डे’, नॉलेज लिहिताना ‘क्नो-लेज’, ब्यूटिफुल लिहिताना ‘बी-ई-ए-यू’ हे एका दमात. सेपरेटमध्ये ए-आर-ए-टी आहे, म्हणजे पोटात उंदीर आहे. बिलीव्हमध्ये लाय आहे.

डबल अक्षराचा नियम मात्र कळून घ्यावा असा आहे. बिगिनिंगमध्ये एन डबल का आणि ओपनिंगमध्ये एकच का? शब्दात जोर कुठे पडतो यावर ते आहे. बिगिन, ऑकर, प्रिफर यांत जोर शेवटी, म्हणून आय-एन-जी किंवा ई-डी लावताना शेवटचं अक्षर डबल. ओपन, ऑफर, व्हिजिट यांत जोर सुरुवातीला, म्हणून डबल नाही. मराठीत असा जोर नसतो, त्यामुळे तो मुलांना मुद्दाम ऐकवावा लागतो. ट्रॅव्हल हा अपवाद, ब्रिटिश पद्धतीने त्यात एल डबल होतो, आणि आपल्याकडे ब्रिटिश पद्धतच चालवायची. कलरमध्ये यू हवाच. मोबाइल त्या यू खाली लाल रेघ मारतो बऱ्याचदा, तिकडे लक्ष द्यायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, तपासायचं कसं. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी दोन गोष्टी तुम्ही उत्तम तपासू शकता.

पहिली श्रुतलेखन. बालभारतीचं तिचंच इंग्रजीचं पुस्तक घ्या. तिने एक परिच्छेद सावकाश मोठ्याने वाचून तुमच्या मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. दुसऱ्या दिवशी तेच ऐकून वहीत लिहायचं, पुस्तक तुमच्याकडे. मग तुम्ही पुस्तक आणि वही शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं. कॅपिटल, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, सगळं. याला दहावीचं इंग्रजीही लागत नाही, नजर लागते, आणि गिरणीचा हिशेब ठेवणाऱ्या बाईची नजर पक्की असते.

दुसरी उलटं भाषांतर. पुस्तकातला पाच-सहा ओळींचा इंग्रजी उतारा तिने मराठीत करायचा. चांगल्या, घरात बोलतो तशा मराठीत. दोन-तीन दिवस जाऊ द्यायचे. मग पुस्तक मिटून त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं आणि मूळ उताऱ्याशी ताडायचं. ‘ए’ कुठे राहिला, ‘द’ कुठे राहिला, क्रियापद कुठे बदललं, सगळं उघडं पडतं. आर्टिकल शिकवायला मला यापेक्षा चांगला मार्ग सापडलेला नाही. मराठीत आर्टिकल नाहीच, त्यामुळे नियम सांगून ते कानाला बसत नाही. शेवटी फरक दिसला म्हणजे ती चूकच असेल असं नाही, कधी दोन्ही बरोबर असतात. शंका असेल तिथे नुसती खूण करा, शाळेतल्या सरांना आठवड्यातून एकदा विचारा.

चुकांची एक वेगळी वही करा. त्यात चूक लिहायचीच नाही, फक्त दुरुस्त वाक्य, आणि खाली त्याच घाटाची तिची स्वतःची दोन वाक्यं. आणि ताई, एका वेळी एकाच प्रकारची चूक धरा. वही लाल शाईने भरली की मूल लिहायचंच थांबतं, आणि मग शिकवायला काही उरत नाही. हे मी फार कळकळीने सांगते आहे.

यशवंत_क्लासेस_सोलापूर

बाईंचा अनुभव मोठा आहे. पण डिसेंबर लांब नाही. माझ्या मते रोज पन्नासेक पर्यायी प्रश्न सोडवल्याशिवाय नियमांना वेग येत नाही. सैनिक शाळेच्या नववीच्या परीक्षेत इंग्रजीचे २५ प्रश्न पर्यायीच असतात. पुढे एनडीएलाही २०० गुणांचं इंग्रजी तसंच. शब्दसंपत्तीसाठी रोज २० शब्द, समानार्थी-विरुद्धार्थी जोड्यांसकट पाठ. ही मुलगी पुढे या परीक्षाही देईलच ना?

निवृत्त_बाई

सर, त्या परीक्षांना तुमची पद्धत मी स्वतः सुचवीन. चार पर्यायांतून चूक ओळखायची तर ओळखण्याचाच सराव हवा. पण इथे कोरा कागद समोर असतो, आणि या मुलीला ओळखता येतंच आहे, ताईंनी ते पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलंय. लिहिता येत नाही. लिहिणाऱ्याला उलट वाटेने जाताही येतं, स्वतः बरोबर लिहिणारं मूल चूक झटकन पकडतं.

रोज २० शब्दांना माझा विरोध आहे. ‘हेवी’ म्हणजे जड, एवढं पाठ केलेलं मूल जोराच्या पावसाला ‘बिग रेन’ म्हणतं. शब्द एकटा शिकू नये, सोबत्यासकट शिकावा. ‘हेवी रेन’, ‘स्ट्राँग विंड’, ‘डीप वेल’, ‘ड्राय वेल’. ताईंच्या लेकीने दिवसाला चार-पाच असे जोड शिकावेत, आणि आधी तिच्या अवतीभवतीचे. दुष्काळ, चारा छावणी, टँकर, जत्रा, ज्वारी यांबद्दल इंग्रजीत बोलता येईल इतके शब्द तिच्याकडे आले तर निबंधात तिला कोणी हरवू शकणार नाही, तोंडी परीक्षेतही नाही.

रानवारा

मी सध्या पुण्यात पदवीला आहे, शाळा पूर्ण मराठी माध्यमाची. मला दोन गोष्टींचा उपयोग झाला. रात्री नऊच्या आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली एकच बातमी चार वाक्यांत लिहायची. बातमी मराठीत आधीच माहीत असते, त्यामुळे अर्थासाठी अडत नाही, सगळं लक्ष वाक्याकडे राहतं. सामान्य ज्ञानाची तयारी त्यातच होते.

दुसरं, स्पेलिंग तपासताना आपलं लिखाण शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे वाचायचं. सरळ वाचलं की मन अर्थाबरोबर पळतं आणि अक्षर निसटतं.

फौजी_बाप

रानवारा, हे उलटं वाचणं मुलाला शिकवायला हवं होतं, छान आहे. ताई, एक जोडतो. घड्याळ लावून दोन तास सलग लिहायची सवय लावा. या वयाच्या मुलांचा हात दुखतो, शेवटच्या उताऱ्यापर्यंत अक्षर बिघडतं. जुना पेपर महिन्यातून एकदा पूर्ण वेळ लावून, मधे न उठता.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. बाई, आजोबांचं वाक्य तुम्ही उलगडलंत ते लेकीला वाचून दाखवलं. ती उठून आजोबांकडे गेली आणि विचारून आली, ‘तुम्ही तुमच्याबद्दलच म्हणाला होता ना?’ रेकॉर्डिंग आजपासून सुरू केलं. गिरणीचा आवाज येतो म्हणून दुपारी वीज जाते तेव्हा करतो. एक राहिलं. पत्रलेखनात ‘युअर्स फेथफुली’ कुठे आणि ‘युअर्स सिन्सिअरली’ कुठे? शाळेच्या आणि बाजारातल्या पुस्तकात वेगवेगळं दिलंय.

निवृत्त_बाई

सुरुवात बघून शेवट ठरवायचा. ‘डियर सर’ किंवा ‘डियर मॅडम’ असं नाव न घेता लिहिलं, तर शेवटी ‘युअर्स फेथफुली’. ‘डियर मिस्टर अमुक’ असं नाव घेतलं, तर ‘युअर्स सिन्सिअरली’. मैत्रिणीला किंवा मामाला पत्र असेल तर ‘युअर्स अफेक्शनेटली’ किंवा नुसतं ‘विथ लव्ह’. वाय कॅपिटल, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर लहान, शेवटी स्वल्पविराम. आणि ‘युअर्स’मध्ये ॲपॉस्ट्रॉफी नाही, मालकी दाखवत असला तरी नाही. ‘हर्स’, ‘अवर्स’, ‘देअर्स’ यांनाही नाही.

पहिलं पत्र तिला ग्रामपंचायतीला लिहू दे, नळाच्या पाण्याबद्दल. लिहिलं की इथे टाका, मी बघते.